सातवी पायरी : चेंडूत कोंबलेला कैदी आणि गादीचा दावा

दगडात एक चेंडू आहे आणि त्या चेंडूत माणूस आहे. हातपाय बांधून मुटकुळे केलेला, डोके खाली. चेंडू पायऱ्यांवरून उसळत येतोय. समोर कमरेला जाडजूड पट्टा बांधलेला, डोक्यावर पिसांचा डोलारा मिरवणारा एक राजा तो परतवण्याच्या पवित्र्यात आहे. त्याच्या मागे दोन बुटके उभे आहेत, त्यांच्या अंगावर ताऱ्याचे चिन्ह. उरलेली जागा अक्षरांनी भरून टाकलेली.

हा दगड मेक्सिकोच्या चियापास राज्यात, याश्चिलान येथे आहे. उसुमासिंता नदी इथे घोड्याच्या नालेसारखे वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात हे माया शहर वसले होते. पलीकडचा काठ ग्वाटेमालाचा. आजही तिथे जायचे तर फ्रोंतेरा कोरोसाल गावातून होडी करावी लागते. शहराच्या मोठ्या चौकातून एक उभा जिना टेकडी चढत जातो. वर पोहोचले की छपरावर दगडी तुरा असलेली एक इमारत दिसते. अभ्यासक तिला इमारत ३३ म्हणतात. तिच्या दारांसमोरची सर्वांत वरची पायरी तेरा कोरीव दगडांची आहे आणि आपला दगड त्यातला सातवा. डावीकडे सहा, उजवीकडे सहा, हा बरोबर मध्ये. शोधनिबंधांत यातल्या प्रत्येक दगडालाच 'पायरी' म्हणतात, म्हणून त्याचा उल्लेख 'चित्रलिपी जिना २, पायरी ७' असा रुक्ष येतो.

मायांच्या चेंडूखेळाचा विषय निघाला की आपल्याकडचा माणूस हटकून एकच प्रश्न विचारतो : डोके कोणाचे उडवायचे, जिंकणाऱ्याचे की हरणाऱ्याचे? हा प्रश्न मेक्सिकोतल्याच चिचेन इत्सा या माया शहरातून येतो. तिथले १६८ मीटर लांबीचे मैदान पर्यटकांच्या ठरलेल्या वाटेवर आहे. भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या शिल्पपटांत दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू, मध्ये कवटी कोरलेला चेंडू, आणि एका गुडघे टेकलेल्या खेळाडूचे मुंडके छाटलेले. त्याच्या मानेतून रक्ताच्या जागी साप वळवळत बाहेर पडतात. जिंकणारा मानाने मरण पत्करायचा, ही गोष्ट तिथे रंगवून सांगितली जाते. पण तो मेलेला खेळाडू जिंकला होता की हरला होता, हे शिल्पात कुठेही लिहिलेले नाही. उत्तर देता येत नाही असा प्रश्न हजारो लोक रोज विचारतात आणि त्यांना रोज उत्तर मिळते!

याश्चिलानच्या दगडाचे तसे नाही. इथे तारीख आहे, राजाचे नाव आहे, मजकूर आहे. शिवाय त्या राजाच्या घरात काय चालले होते तेही इतर शिलालेखांवरून बऱ्यापैकी कळते. म्हणून सगळे चेंडूपट सोडून या एकाच दगडाचे प्रकरण उलगडायला घेतले आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो : हा सामन्याचा वृत्तांत नाही. ही वारसनोंद आहे, आणि तीही वादातली.

दहा वर्षे रिकामी गादी

इत्सामनाह बाह्लाम तिसरा हा याश्चिलानचा मोठा राजा. ६८१ मध्ये तो गादीवर बसला आणि ७४२ मध्ये वारला. साठ वर्षे राज्य केले. त्याच्या थोरल्या राणीचे नाव काबाल शोक. आपल्या कानाला ते अशुभ वाटेल, पण माया भाषेत 'शोक' म्हणजे शार्क मासा. या राणीचा मान किती होता ते इमारत २३ च्या लिंटेलांवर, म्हणजे दारांवरच्या आडव्या शिळांवर दिसते. एका शिळेवर ती जिभेतून काटेरी दोर ओढून रक्त अर्पण करते आहे, राजा मशाल धरून उभा आहे. दुसरीवर त्या रक्तातून उठलेला प्रचंड नाग तिच्यासमोर जबडा वासून आहे. या दोन्ही शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. माया कलेतल्या सर्वांत देखण्या वस्तूंत त्या गणल्या जातात.

गादी मात्र या राणीच्या पोटच्या मुलाला मिळाली नाही. शेवटी राजा झाला तो याशून बाह्लाम चौथा. इंग्रजी लिखाणात त्याला 'बर्ड जॅग्वार' म्हणतात. त्याची आई दुसरी राणी, कालाकमुलच्या बलाढ्य राज्यातून आलेली. त्याचा जन्म ७०९ चा, वडील वारले तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. धडधाकट वयाचा मुलगा घरात असताना राज्याभिषेक व्हायला ७५२ चा मे महिना उजाडला. दहा वर्षे!

ही दहा वर्षांची फट पहिल्यांदा नीट वाचली तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी. त्या मूळच्या वास्तुरचनाकार, सायबेरियातल्या तोम्स्कमध्ये जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत वाढलेल्या. माया शिलालेख फक्त पंचांग आणि देवदेवतांबद्दल असतात असे त्या काळी बहुतेक पंडित मानत. १९६० मध्ये प्रोस्कुरियाकॉफ यांनी पिएद्रास नेग्रास या शेजारच्या शहरातल्या स्तंभांवरच्या तारखा लावून दाखवले की हे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू आहेत, म्हणजे माणसांचा इतिहास आहे. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांनी याश्चिलानची वंशावळ मांडली. तेव्हा अक्षरांचे उच्चारही लागलेले नव्हते. तारखांची अंतरे आणि चित्रांतली माणसे एवढ्या भांडवलावर त्यांनी हे केले. चेंडूखेळाच्या पायऱ्या १९७० च्या दशकात रोबेर्तो गार्सिया मोल यांच्या नेतृत्वाखालच्या उत्खननात नीट उघड्या झाल्या, म्हणजे त्यानंतर. फिर्याद आधीच दाखल होती, साक्षीदार मागाहून सापडला.

मधल्या दहा वर्षांत गादीवर कोण होते? याश्चिलानच्या आपल्या शिलालेखांत याबद्दल चकार शब्द नाही. उल्लेख सापडतो तो नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या पिएद्रास नेग्रासमध्ये, म्हणजे जुन्या वैऱ्याच्या घरी. तिथल्या पट ३ वर दरबार कोरला आहे. राजा आसनावरून पुढे झुकून बोलतोय, पाहुणे उभे, सरदार खाली बसलेले. मजकूर सांगतो की ७४९ मध्ये तिथल्या राजाच्या कारकिर्दीला वीस वर्षे झाल्याच्या सोहळ्याला याश्चिलानचा योपात बाह्लाम नावाचा अधिपती हजर होता. हे नाव याश्चिलानच्या त्या काळच्या कोणत्याही दगडावर राजा म्हणून येत नाही. खोडले की मुळात कोरलेच नाही, काहीही असो. सोयीचे नव्हते एवढे नक्की.

आता तारखा एका ओळीत ठेवू. ७४२ : वडील वारले. ७४९ : शेजारच्या दरबारात याश्चिलानचा म्हणून दुसराच कोणी बसला आहे. त्याच वर्षी थोरली राणी काबाल शोक वारली. ७५१ : याशूनची आई वारली. ७५२ : याशून गादीवर.

आणि पायरी ७ वरच्या चेंडूखेळाची तारीख आहे ऑक्टोबर ७४४. म्हणजे बरोबर त्या रिकाम्या दहा वर्षांतली.

मागची तारीख टाकलेला दस्त

जमिनीच्या व्यवहारात मागची तारीख टाकून केलेला दस्त ओळखायची एक खूण असते : तो गरजेपेक्षा जास्त तपशीलवार असतो. या पायरीवर तेच झाले आहे.

मायांची दीर्घगणना साधारणपणे पाच स्थानांत लिहितात. दिवस, वीस दिवसांचा महिना, ३६० दिवसांचा तुन, ७,२०० दिवसांचा कातुन आणि १,४४,००० दिवसांचा बाकतुन. स्तंभावर पाच आकडे कोरले की तारीख पुरी होते. ७४४ ची ही तारीख त्या पद्धतीने ९.१५.१३.६.९ अशी येते. पण पायरी ७ कोरणाऱ्याने तिच्या आधी आणखी आठ स्थाने जोडली आणि प्रत्येकात १३ हा आकडा घातला. बाकतुनच्या वरचे एक स्थान म्हणजेच सुमारे ७,८८५ वर्षे, त्याच्या वरचे त्याच्या वीसपट, आणि असे आठ मजले. सगळे चढून गेले की माणसाच्या कल्पनेची दमछाक होते.

एका दुपारच्या चेंडूखेळाला एवढी लांब तारीख कशाला? आपल्याकडे पूजेला बसलेला यजमान संकल्प सोडतो तेव्हा 'श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे' असे म्हणत ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून सुरुवात करून आजच्या तिथीपर्यंत उतरतो. एवढ्या तयारीनंतर होणारे काम सत्यनारायणाचे असले तरी ते आता सृष्टीच्या हिशेबात नोंदले गेलेले असते. याशूनच्या कारागिरांनी नेमके हेच साधले आहे. (दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध आहे असे माझे म्हणणे अजिबात नाही. युक्ती तेवढी ओळखीची वाटते.) अशी लांबलचक तारीख हा मायांचाही नित्याचा प्रकार नव्हता. कोबा येथील एका स्तंभावर याहून लांब माळ आहे, पण ती सृष्टीच्या आरंभाची आहे. इथे ती एका हयात माणसाच्या खेळाला लावली आहे.

आणि तारखेआधी काय येते? तीन शिरच्छेद. मजकूर अतिप्राचीन काळातल्या तीन घटना सांगतो. प्रत्येक वेळी कोणाचे तरी डोके तोडले जाते आणि प्रत्येक घटनेला क्रमांक दिलेला आहे : पहिली, दुसरी, तिसरी. क्रियापद 'चाक', म्हणजे तोडणे. कोपानच्या राजाला किरिग्वाच्या त्याच्याच मांडलिकाने ७३८ मध्ये मारले, त्या नोंदीत हेच क्रियापद येते, त्यामुळे अर्थाबद्दल फारशी शंका उरत नाही. हे सर्व जिथे घडले त्या जागेच्या नावाचा अर्थ काही लिपितज्ज्ञ 'तीन विजयांचा जिना' असा लावतात. यातून मजकूर उडी मारतो ती थेट ७४४ वर, याशूनच्या खेळावर. पहिला, दुसरा, तिसरा, आणि आता हा चौथा. वाचणाऱ्याने काय समजायचे ते समजावे.

इथे बरेच लेखक 'पोपोल वुह' उघडतात. किचे मायांच्या या पुराणात दोन भाऊ चेंडू खेळून पाताळातल्या स्वामींची झोप मोडतात, खाली बोलावले जातात, मारले जातात. थोरल्याचे तोडलेले डोके झाडावर टांगले जाते आणि पुढे त्याचे जुळे मुलगे पाताळाच्या मैदानात उतरून सूड घेतात. जुळते हे खरे, चेंडू आणि शिरच्छेद दोन्ही आहेत. पण ते लिहिले गेले १६ व्या शतकात, ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात. पायरी त्याआधी आठशे वर्षांची आणि नदीकाठच्या जंगलातली. शिवाय पायरीवरच्या तीन शिरच्छेदांची माळ त्या कथेशी हुबेहूब जुळत नाही. एकाच झाडाच्या दोन फांद्या एवढे म्हणावे. एकीवरून दुसरीची पाने मोजू नयेत.

बाप, आजा आणि मध्ये मी

पायरी ७ एकटी पाहिली तर अर्धा मुद्दा निसटतो. तिच्या दोन्ही बाजूंचे दगड पाहायला हवेत. सहाव्यावर चेंडू खेळतोय याशून बाह्लाम तिसरा, म्हणजे आजोबा. आठव्यावर इत्सामनाह बाह्लाम तिसरा, म्हणजे वडील. बाकीच्या दगडांपैकी बहुतेकांवरही चेंडूखेळच आहे, काहींवर नागाला आवाहन करणाऱ्या स्त्रिया. पण मधले तीन दगड सर्वांत भरगच्च कोरलेले आहेत आणि त्यांत तीन पिढ्या एकच काम करताहेत.

नातवाला आजोबांचे नाव, हे आपल्याला समजावून सांगायला नको. याशूनलाही आजोबांचेच नाव होते, आणि ते त्याने पुरेपूर वापरले. कौटुंबिक फोटोत कोण मध्ये बसायचे यावरून भांडणे होतात. इथे मधली जागा नातवाने घेतली आहे आणि बापाला नि आजोबांना बाजूला बसवले आहे, साक्षीदार म्हणून. दोघेही तेव्हा हयात नव्हते. मेलेल्या साक्षीदारांची उलटतपासणी होत नाही.

याशूनचे हे एकमेव काम नव्हे. स्तंभ ११ वर तो वडिलांसमोर उभा आहे, दोघांच्या हातात कापड लावलेल्या उंच काठ्या, तारीख जून ७४१. म्हणजे वडिलांच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी त्यांनीच आपल्याला सोबत घेऊन विधी केला, असा दावा. त्याच स्तंभाच्या दुसऱ्या बाजूला तो मुखवटा घालून कैद्यांपुढे उभा आहे आणि वर आईवडील दोघेही बसलेले आहेत. इमारत २१ मधल्या स्तंभ ३५ वर त्याची आई रक्तार्पण करताना दिसते, समोर नाग, थेट थोरल्या राणीच्या त्या प्रसिद्ध शिळेच्या धर्तीवर. सवतीला जो मान मिळाला तो माझ्या आईलाही होता, हे मुलाने दगडात लिहून घेतले. हे सगळे कोरले गेले तो राजा झाल्यावर. आणि सगळ्यांवरच्या घटना राजा होण्याआधीच्या.

आपल्या नावापुढे तो एक बिरुद सतत लावतो : 'वीस कैद्यांचा धनी'. चेंडूतला कैदी या बिरुदाशेजारी ठेवून पाहावा.

मैदान सोडून जिना

या दगडात एक विसंगती आहे, आणि मला तीच सर्वांत बोलकी वाटते. याश्चिलानमध्ये चेंडूखेळाचे बांधलेले मैदान होते. मोठ्या चौकातली इमारत १४ म्हणजे ते मैदान : दोन समांतर उतरत्या भिंती आणि मध्ये बोळ. मग राजा तिथे का खेळत नाही? शिल्पात भिंती नाहीत, बोळ नाही. चेंडू उसळतो तो जिन्यावरून.

हे एकट्या याश्चिलानचे नाही. माया कलेत चेंडू आणि पायऱ्या अशी जोडी अनेक ठिकाणी येते. १९८७ मध्ये मेरी मिलर आणि स्टीफन ह्यूस्टन यांनी या कोड्यावर लिहिले. त्यांच्या मते अशी चित्रे दोन जागा एकत्र आणतात : मैदानावरचा खेळ आणि त्यानंतरचा, जिन्यावर होणारा कैद्याचा शेवट. खेळ संपतो तिथे विधी सुरू होतो आणि शिल्पकार दोन्ही एकाच चौकटीत बसवतो.

आणि जिना याश्चिलानमध्ये साधी वाट नव्हता. याशूनच्या वडिलांनी इमारत ४४ च्या पायऱ्यांवर आपले कैदी कोरून घेतले होते, येता-जाता पायाखाली यावेत म्हणून. मुलाने तीच भाषा उचलली आणि पुढे नेली. बापाचे कैदी पायरीवर पडून आहेत, मुलाचा कैदी पायऱ्यांवरून गडगडत येतो. इमारत ३३ समोर एक स्तंभ आहे, क्रमांक ३१, आणि तो खाणीतल्या दगडाचा नाही. तो गुहेतला चुन्याचा लोंबता सुळका आहे, तोडून आणून उभा केलेला आणि कोरलेला. मायांसाठी गुहा म्हणजे पाताळाचे तोंड. म्हणजे वर राजाचे दार, समोर पाताळातून आणलेला सुळका, आणि दारापाशी बरोबर मधोमध चेंडूतला माणूस. टेकडी चढून दम लागलेल्या सरदाराची नजर आधी कुठे जात असेल याचा विचार बांधणाऱ्याने नक्की केला होता.

चेंडूत खरेच माणूस होता का?

हा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून हिशेब करू. मायांचा चेंडू भरीव रबराचा होता. रबराच्या झाडाच्या चिकात रात्री फुलणाऱ्या एका पांढऱ्या वेलीचा रस मिसळला की तो लवचीक आणि टिकाऊ होतो. हे १९९९ मध्ये प्रयोगशाळेत तपासून प्रसिद्ध झाले आहे. मेक्सिकोत एल मानाती येथील दलदलीत सापडलेले रबरी चेंडू इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पर्यंत मागे जातात. सिनालोआ प्रांतात आजही 'उलामा' नावाने कमरेने चेंडू मारण्याचा खेळ चालतो. तो चेंडू तीन-चार किलोंचा असतो आणि तेवढ्यानेही कंबर काळीनिळी होते.

माया चित्रांत चेंडूवर बरेचदा एक आकडा आणि 'नाब' हा शब्द लिहिलेला असतो : ९ नाब, १२ नाब, १३ नाब. नाब म्हणजे वीत. आपल्याकडेही कापड, दोर, कुंपण विती-विती मोजायची पद्धत होतीच. ९ विती हा चेंडूचा घेर मानला आणि वीत २० सेंटिमीटरची धरली, तर घेर १८० सेंटिमीटर भरतो आणि व्यास जेमतेम ५७. असा भरीव रबरी चेंडू नव्वद किलोंच्या आसपास जाईल. वीत थोडी मोठी धरली तर शंभर किलो सहज ओलांडेल. कमरेने सोडा, तो दोघांनी मिळून ढकलला तरी पुष्कळ झाले. म्हणून काहींच्या मते विती हे गुंडाळलेल्या रबरी पट्टीचे माप असावे, काही म्हणतात ते माप विधीचे आहे. माझा मुद्दा एवढाच की चित्रातला चेंडू मोजपट्टीला उतरत नाही. चिचेन इत्साच्या चेंडूत कवटी आहे, आणि ती आत कोंबलेली होती असे कोणी म्हणत नाही. चिंकुल्तिकच्या परिसरातल्या, ५९१ सालच्या गोल दगडावर खेळाडूसमोरच्या चेंडूत एक डोके कोरलेले आहे. चेंडूत काय कोरायचे हे चेंडूचा अर्थ ठरवत होता, आकार नाही.

त्यामुळे कैद्याला खरोखर मुटकुळे करून जिन्यावरून ढकलले असेल, हे शक्य आहे, आणि मला तरी ते संभवनीय वाटते. तेवढ्या रुंद आणि उभ्या जिन्यावर त्याचा परिणाम काय होतो ते सांगायला नको. पण रबराच्या चेंडूत माणूस आणि राजा तो कमरेने परतवतोय, हे दृश्य शिल्पकाराने दोन गोष्टी एकमेकींवर ठेवून घडवलेले आहे. जिंकणारा-हरणारा हा प्रश्न इथे लागूच होत नाही. समोर दुसरा संघ नाही. हरायचे कोणी हे खेळ सुरू होण्याआधीच ठरले आहे, त्याचे हात बांधलेले आहेत.

दुसरी बाजू

आता माझ्याच वाचनावर घेता येणारे आक्षेप. भाऊबंदकीची गोष्ट ऐकायला गोड लागते आणि याशूनवर लिहिणाऱ्यांनी ती कधी कधी कादंबरीसारखी फुलवली आहे : कपटी सावत्र मुलगा, डावलली गेलेली थोरली राणी, दहा वर्षांचे कारस्थान. पुराव्यात एवढे नाही. माया राजांना अनेक राण्या असत आणि कालाकमुलच्या घराण्यातली आई ही कमीपणाची गोष्ट मुळीच नव्हती. कालाकमुल त्या काळातल्या दोन महासत्तांपैकी एक. पट ३ वरचा योपात बाह्लाम हा प्रतिस्पर्धी होता, वडीलधारा कारभारी होता, की मध्येच मेलेला रीतसर राजा होता, हे त्या एका ओळीवरून ठरत नाही.

शिवाय पट ३ सुद्धा निष्पक्ष साक्षीदार नाही. तो ७४९ मध्ये कोरलेला नाही. पिएद्रास नेग्रासचा सातवा राजा ७८१ मध्ये गादीवर आला आणि त्याने आपल्या थोर पूर्वजाच्या स्मरणार्थ तो घडवून घेतला, घटनेनंतर तीसहून अधिक वर्षांनी. 'याश्चिलानचा अधिपती आमच्या दरबारात हजेरी लावून गेला' हे लिहिण्यात त्याचाही स्वार्थ होता. म्हणजे आपल्यापुढे दोन दस्त आहेत, दोन्ही मागाहून केलेले, दोन्ही गरजवंतांनी केलेले.

तरीही मी माझे म्हणणे सोडत नाही, ते पायरीच्या जागेमुळे. गादी निर्विवाद मिळालेल्या राजाला बाप, आजोबा, तीन पौराणिक शिरच्छेद आणि आठ तेरांची तारीख एका उंबऱ्याशी गोळा करावी लागत नाही. वडिलांच्या साठ वर्षांच्या कारकिर्दीत युद्धे आहेत, राणी आहे, कैदी आहेत, पण मी अमक्याचा मुलगा हे इतक्या वेळा, इतक्या बाजूंनी सांगण्याची घाई कुठे दिसत नाही. ती मुलाच्या दगडादगडावर आहे.

याच इमारतीच्या दारांवरची शिळा २ पाहण्यासारखी आहे. तारीख ७५७, राज्यारोहणाला पाच वर्षे पूर्ण झाल्याची. याशून उभा आहे आणि शेजारी त्याचा मुलगा, हातात पक्षी बसवलेला दंड. मुलगा पाच वर्षांचा, ७५२ च्या फेब्रुवारीतला जन्म, बापाच्या राज्याभिषेकाच्या जेमतेम तीन महिने आधीचा. आपल्याला ज्याची दहा वर्षे वाट पाहावी लागली ते मुलाला पाचव्या वर्षीच दगडावर मिळेल, याची सोय बापाने केली. तोच मुलगा पुढे इत्सामनाह बाह्लाम चौथा म्हणून राजा झाला, आजोबांचे नाव घेऊन, आणि या वेळी गादी दहा वर्षे रिकामी राहिली नाही.

त्याच्या पुढच्या राजाची शिळा १० ही याश्चिलानमधली ज्ञात असलेली शेवटची नोंद, ८०८ सालची. तिच्यावर चित्र नाही, फक्त दाटीवाटीने कोरलेली ओबडधोबड अक्षरे. पिएद्रास नेग्रासचा राजा पकडल्याची बातमी त्यात आहे. पकडला गेला तो सातवा राजा, ज्याने पट ३ कोरून घेतला होता तोच.